डोना मॅडमच्या आईचे टाके

परवा सुनेने ऑनलाइन एक 'क्विल्ट' मागवली. मशीनची शिलाई, आत स्पंज, आणि ठिगळं चक्क छापलेली! म्हटलं, ही क्विल्ट असेल तर मी कलेक्टर.

सून हसली. "आई, तुम्हाला काय माहीत क्विल्ट?" घ्या! चौथी पास सासूला काय माहीत असणार... तिला सांगितलं तेच इथे सांगते.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आम्ही मस्कतला वादी कबीरमध्ये राहायचो. हे गॅरेजमध्ये डेंटिंग करायचे, मी घरी शिलाई... ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म, पडदे. हात फास्ट आणि तोंड त्याहून फास्ट.

डोना मॅडम पडद्यांसाठी आली होती. उंच, पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई, नवरा तेल कंपनीत. मापं द्यायची सोडून बाल्कनीत गेली. तिथे माझ्या आईने दिलेली गोधडी उन्हात टाकली होती. बाईने पहिल्यांदा ती उलटी केली आणि मागचे टाके बघितले... मला ती तिथेच आवडली. काम कळणारा माणूस आधी उलटी बाजू बघतो.

मग तिचं येणं वाढलं. इंग्रजी समजवायला शेजारची शाहिदाभाभी. रत्नागिरीची, गोऱ्यांच्या घरी कामं केलेली, इंग्रजी फाडफाड. मॅडम आपल्या जुन्या क्विल्ट गाडीत घालून आणायची आणि जमिनीवर पसरायची.

एकीत कापडी पट्ट्यांची चौकोनी घरं, प्रत्येक घराच्या मधोमध लाल चौकोन. ती म्हणे चूल. भोवतीच्या पट्ट्या म्हणजे लाकडी घराचे ओंडके. अर्ध्या फिक्या, अर्ध्या गडद... एकीकडे ऊन, एकीकडे सावली.

दुसरी पिठाच्या पोत्यांची. गरिबीच्या काळात तिकडे पीठ फुलाफुलांच्या कापडी पोत्यांतून यायचं. बायका त्याचे फ्रॉक शिवायच्या, फ्रॉक विरला की क्विल्ट. आणि मोठी शिलाई करायला शेजारणी जमायच्या, चौकटीवर कापड ताणून चारी बाजूंनी बसायच्या. मी म्हटलं, हे तर आमचंच! माझी आई साखरेच्या पोत्याचं अस्तर लावायची, आणि शेजारणींशिवाय तिची सुई चालायची नाही.

हे म्हणाले, "म्हणजे अमेरिकेत पण गोधड्याच पांघरतात? उगाच घाबरत होतो आपण त्यांना!"

एक दिवस मॅडम पिशवी घेऊन आली. आत चुलीच्या नक्षीची क्विल्ट, पण नुसता वरचा थर. तिच्या आईने जोडला होता, पुढचं व्हायच्या आधीच ती गेली. मॅडमची बोटं सांधेदुखीने वाकलेली, तिला हातशिलाई जमेना. दोन महिन्यांनी ते कायमचे अमेरिकेला निघणार होते. त्याआधी ही पुरी करून पाहिजे होती. कापूस आणि अस्तर आठ दिवसांनी आणते म्हणाली.

आता मला कुठला दम निघतोय! दुसऱ्या दिवशीच थर उलटा केला. मधल्या घरांचे टाके बघाल तर मुंगीच्या पायाएवढे. पण कडेला येता येता एकदम वाकडे, लांब, कुठे दोरा सैल. म्हटलं, म्हातारीला कंटाळा आला असणार. आपण टेलर माणूस, वाकडं कसं ठेवायचं? तीन बाजूंच्या कडा उसवल्या आणि मशीनवर सरळ मारल्या. खलास! चौथी बाजू राहिली, कारण वीज गेली आणि मग युनिफॉर्मची घाई मागे लागली.

मॅडम आली. सवयीप्रमाणे आधी उलटी बाजू. कडेवरून बोट फिरवत गेली... थांबली... परत फिरवलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "व्हेअर इज मॉम?"

एवढं इंग्रजी मला कळत होतं.

शाहिदाभाभीने विचारून सांगितलं. आई आजारी पडल्यावर पलंगावर बसून शिवायची. हात थरथरायचे. त्या कडा म्हणजे तिचे शेवटचे महिने होते. भाभी माझ्यावर उखडली, "तुला कोणी सांगितलं होतं गो शहाणपणा करायला?"

आयुष्यात मी कोणाला सॉरी म्हटलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी म्हटलं. मॅडम रडली नाही, ओरडली नाही. नुसती ती राहिलेली चौथी कड हातात धरून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी दुधाच्या पावडरचा डबा उपडा केला. टाचणीची उशी भरायला मी दोऱ्यांचे तुकडे त्यात टाकते. त्यातून तिच्या आईचा बदामी दोरा एक-एक करून वेचला. दुपार गेली. मी... आणि दुपारभर एका जागी!

पुढे दीड महिना मी ती क्विल्ट हाताने शिवली, मॅडमने सांगितलं तशी, मधून सुरू करून बाहेर. चौथ्या कडेचा मॅडमच्या आईचा एकही टाका उसवला नाही. एक कोपरा उघडा ठेवला आणि तिला बोलावलं.

आमच्यात गोधडी रिकाम्या पोटी मिटत नाहीत. माझी आई शेवटच्या कोपऱ्यात हळद लावलेले चार तांदूळ घालायची. मी तांदूळ आणि तो बदामी दोऱ्यांचा गुंता मॅडमच्या हातावर ठेवला. भाभीने समजावलं. मॅडमने मूठ मिटली, बराच वेळ उघडलीच नाही. मग आत सरकवली.

कोपरा मी तिलाच शिवायला लावला. वाकडी बोटं, वाकडे टाके, एक इकडे तर एक तिकडे. माझे हात नुसते शिवशिवत होते... पण मी ते मांडीखाली दाबून बसले.

जाताना ती दारात मिठी मारून गेली. ती क्विल्ट आता कुठे असेल देव जाणे. पण ती बाई मला एक शिकवून गेली. तेव्हापासून कोणी जुनं कापड दुरुस्तीला आणलं, की कात्री उचलायच्या आधी मी विचारते, हे शिवलंय कोणी?