रक्तात सगळं हाय

आमच्या घरमालकांइतका चौकस माणूस सीवूड्समध्येच काय, खाडीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही सापडायचा नाही. लिफ्टच्या मोटारीपासून माझ्या जेवणाच्या डब्यापर्यंत कुठलंही बंद झाकण त्यांना बघवत नसे. खाडीकाठच्या जुन्या गावातले ते. शेतं जाऊन टॉवर आले, पण यांची चाल शेतातलीच राहिली, म्हणजे अनवाणी. स्टेशनजवळच्या मॉलमध्येही ते दाराशी चपला काढून शिरत. वॉचमनने हटकलं, तर म्हणाले, "माज्या बापाचा शेत हाय इतं. शेतान चपला कोन घालतं?" आणि सरकत्या जिन्याखाली काय चालतं ते वाकून बघत बसले.

डायबेटीस झाला की लोक हिरमुसतात. यांना मात्र नवं झाकण सापडलं. "रगतान काय काय हाय, तं कलाया नको?" म्हणत ते हौसेने दंड पुढे करत. तीन महिन्यांची साखर दाखवणाऱ्या तपासणीचं तर त्यांना भारी कौतुक. कालचं जेवण विसरणाऱ्या माणसाचं रक्त दिवाळीचे लाडू लक्षात ठेवतं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. दुखत नव्हती, म्हणजे त्यांच्या लेखी ती नव्हतीच. साखरेच्या नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी ती पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या बाकावर बसलो असताना लॅबमधल्या मुलीचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. "काका, सीआरपी हाय. ईएसआर हाय. पांढऱ्या पेशीही हाय. डॉक्टरांना दाखवून घ्या." फोन ठेवून ते समाधानाने माझ्याकडे वळले. "बगा, सगला हाय. कायच कमी नाय."

मला हसू आलं, पण क्षणभरच. त्यांच्या बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे'. मुलीचं 'हाय' इंग्रजीतलं होतं, वाढलेलं.

"दादा, हे आकडे वाढले म्हणजे पायात जंतू पसरताहेत. जखम दिसते त्याहून खोल असेल."

"मंग दुकत कसा नाय?"

"साखरेने नसा बधिर झाल्यात."

"म्हंजे पायाला कलत नाय, पन रगताला कलतं?" त्यांचे डोळे चमकले.

"पाय जाईल, दादा."

त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि तळवा उलटून बघू लागले. मी रिक्षा बोलावली.

अंगठा काढावा लागला, पाय वाचला. नंतर प्रत्येक तपासणीला ते स्वतःच लॅबला फोन करून विचारत, "सीआरपी हाय का नाय?" आणि त्या मुलीचं "नाय, काका" ऐकलं की सगळ्यांना चहा पाजत.

आता ते जाड तळव्याच्या खास चपला घालतात. परवा मॉलच्या दाराशी सवयीने वाकले, पट्ट्याला हात घातला आणि थांबले. "इतं चिकल काय थंड लागायचा," ते म्हणाले. तो थंडावा आता त्यांच्या तळव्याला तसाही कळला नसता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं.

"पाय हाय ना, दादा," मी म्हणालो.

"हाय," ते म्हणाले आणि बापाच्या शेतात चपला घालून शिरले.