खुंटीची पूजा

दसऱ्याला अण्णांकडे गेलो, तर ते भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीला झेंडूची माळ घालत होते. तिथं टांगलेली असायची ती त्यांची बंदूक निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात जमा होती. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्यांना बंदुकीचे परवाने मिळावेत म्हणून या माणसानं उभा जन्म मंत्रालयात खेटे घातलेत.

"तुमच्या एवढ्या ओळखी. सूट मागायची होती," मी म्हणालो.

"आधी नियम पाळावा. मग मागायला तोंड राहतं."

हक्कासाठी भांडणारा माणूस वस्तू हातची सोडत नाही, असं मला वाटायचं. पण परत मिळेल या भरवशावर ती देताही येते. एवढ्याशा भरवशावरच राज्य चालत असावं.

बाहेर वहिनी पत्र्याचा डबा बडवून डुकरं हाकलत होत्या. अण्णांनी खुंटीला कुंकू लावलं, दुसरा डबा उचलला आणि हसत शेताकडे निघाले.