भूगोलाच्या तासाला तराफ्याबद्दल बोललो

मंडळी, आपल्या वसतिगृहाच्या भिंतीवर रोज कोणीतरी आपला अनुभव लिहून डकवतो. आजचा माझा.

दुपारी भूगोलाच्या तासाला सरांनी मध्यप्रांताचा नकाशा टांगला आणि विचारलं, "वैनगंगेचा माणसाला उपयोग काय?" कोणी मासे म्हणालं, कोणी धान. मी उभा राहिलो.

ओलं सागवान पाण्यात बुडतं, म्हणून ओंडक्यांना बांबू बांधून तराफा करतात. पूर आला की माणसं त्यावर उभी राहून तो पार गोदावरीपर्यंत नेतात. वळणावर खडक चुकवावे लागतात. सगळं नीट सांगितलं. आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा वाटत होता.

"शाबास," सर म्हणाले. "तराफा फुटताना कधी पाहिलास?"

"नाही, सर." खोटं नव्हतं ते.

तास सुटल्यावर शेजारच्या खोलीतल्या महादेवनं विचारलं, "काय गा, तुले एवढं कसं मालूम?"

"माहा बाप तराफ्यावर होता."

"होता म्हणजे?"

मग मी त्याला काकांचं पोस्टकार्ड दाखवलं. कार्ड येऊन आठ दिवस झाले. तराफा फुटला, बाबा सापडले नाहीत, रस्ते पाण्याखाली आहेत, तू येऊ नको, एवढंच त्यात आहे. महादेव कार्ड हातात धरून रडला. मी बघत उभा होतो. आज खानावळीत भाजी कोणती असेल, हेच माझ्या डोक्यात आलं.

या आठ दिवसांत मी एकही तास चुकवलेला नाही. जेवतो, झोपही लागते. तुमच्यापैकी कोणाचं घरचं माणूस असं गेलं असेल, तर मला सांगा, रडू किती दिवसांनी येतं?