शेवटच्या बादलीचं पाणी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत पोरांना, बसमध्ये कंडक्टरला, घरी घरच्यांना, कुणाला म्हणून सोडत नाही. अशा तोंडासकट मला ज्यांनी बावीस वर्षं सांभाळून घेतलं, त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. आत्यांचे उपकार सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही, म्हणून त्यातला एकच सांगते. तो अंघोळीच्या पाण्याचा आहे.

आमचं घर कळंबला. माणसं सहा: मामा, आत्या, आमचे हे, मी आणि दोन मुलं. हे शेती बघतात, मी जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. परसात न्हाणीघराला लागून तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो बंब आत्यांच्याच ताब्यात. पहाटे पाचला त्या उठायच्या, तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मोडायच्या, वरून बाभळीचं एखादं लाकूड सारायचं, गोवरीचा तुकडा लावायचा आणि फुंकणीनं फुंकत बसायचं. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की सगळ्या परसात धूर. आम्ही उठून चूळ भरेपर्यंत पाणी कढत झालेलं असायचं. एक बादली काढली की एक बादली गार पाणी वरून ओतायचं, हा त्यांचा नियम. कुणाला किती, कुणाच्या मागून कोण, सगळं त्यांच्या डोक्यात. मामा आधी, मग हे, मग शाळेची मुलं, मग मी. आत्या सगळ्यात शेवटी, झाडलोट, भांडी, सगळं आटोपून. तोवर बंब विझलेला असायचा. पुन्हा पेटवा म्हटलं तर म्हणायच्या, "माझ्या एकटीपुरतं कशाला जाळायचं?"

हे ऐकून मला तेव्हा काही वाटायचं नाही, हे खरं सांगायला पाहिजे. सकाळी सातला मला एसटी गाठायची असायची. गरम पाणी मिळालं, डबा भरला, पळाले. कढत पाणी नळातून येतं की कुणाच्या छातीतून, याचा विचार करायला सवड कुणाला होती?

छातीतूनच येत होतं. आत्यांचा खोकला सुरुवातीला नुसता हिवाळ्यातला होता. पुढं तो पावसाळ्यातही यायला लागला. मग एका वर्षी थंडीत त्यांना श्वासच घेता येईना. ओठ निळसर पडले. गाडी करून लातूरला नेलं, चार दिवस नळ्या लावून ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून तरुण, पण बोलायला माझ्याच वळणाच्या. त्यांनी यांना समोर बसवलं आणि विचारलं, "घरी चूल आहे का?" हे म्हणाले, "न्हाय मॅडम, गॅस हाय, कधीचा हाय. फक्त अंघोळीच्या पाण्याला बंब हाय." बाई म्हणाल्या, "मग तो बंबच यांना खातोय. धूर बंद करा आणि छातीला गारठा लागू देऊ नका. अजून एकदा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही."

येताना गाडीत येडशीच्या अलीकडं आत्याच म्हणाल्या, "उगं तोंडं पाडून बसू नका. मी हाय अजून."

महिन्याभरात सोलर बसला. धाराशिवहून दोन माणसं आली, गच्चीवर दक्षिणेकडं तोंड करून काचेच्या नळ्या लावल्या, वर दोनशे लिटरची टाकी. बसवणाऱ्यानं मामांना समजावून सांगितलं की ऊन पडलं की पाणी तापतं, रात्रभर तापलेलं राहतं, लाकूड नको, वीज नको. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् ऊन संपलं तर?" तो माणूस हसून म्हणाला, "मामा, आपल्या मराठवाड्यात पाणी संपेल, ऊन कुठं संपतंय!" मामांना ते पटलं. जन्मभर ज्या उन्हाला शिव्या घातल्या, ते ऊन फुकटात कामाला लागलंय म्हणून ते चार दिवस गच्चीवर जाऊन नळ्यांकडं बघत बसायचे.

आणि काय सुख सांगू! नळ फिरवला की वाफाळतं पाणी. बंब उचलून परसातल्या पत्र्याखाली ठेवला. आत्या सहापर्यंत झोपायला लागल्या. मुलीनं केस धुवायचे दिवस आठवड्यातून एकाचे तीन केले. हे शेतातून आल्यावर संध्याकाळीही अंगावर गरम पाणी घ्यायला लागले. मी स्वतः, लपवायचं कशाला, दोन-दोन बादल्या घ्यायचे आणि वर पाय शेकत उभी राहायचे. मोजायला कोण होतं? बंबापाशी बसून वाटून देणारं माणूस उठून गेलं होतं, आणि ते बरं झालं असंच आम्हाला वाटत होतं.

उन्हाळा, पावसाळा बरा गेला. खोकला उतरला. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, सोलर घ्या, घरातल्या बाईचा जीव वाचतो.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि आत्यांचा खोकला परत आला. आधी नुसती ठसक. मग रात्रीतून दोनदा उठून बसायच्या. मला धडकी भरली. धूर तर आता घरात नव्हता, मग हे कशानं? काय काय केलं मी तेव्हा. घरातली उदबत्ती बंद केली. फोडणीच्या वेळी त्यांना अंगणात बसवलं. धुळीवर संशय घेतला, गाद्या उन्हात टाकल्या, त्यांचा श्वासाचा पंप नव्यानं आणला. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरीणबाईंचं ते "मी काही सांगू शकणार नाही" माझ्या कानात घुमत राहिलं.

एका रविवारी आत्या माझ्या अंगावरून गेल्या आणि त्यांच्या पदराला धुराचा वास आला. मी तशीच परसात गेले. पत्र्याखाली बंबाशेजारी राख होती. ताजी, हाताला ऊन लागत होती. तुराटीचं अर्धं जळलेलं टोक बाजूला पडलं होतं.

माझं डोकं फिरलं. आत येऊन मी नाही नाही ते बोलले. "आत्या, चोरून बंब पेटवता व्हय? आम्ही तुमच्यासाठी एवढं करायचं आणि तुम्हाला त्या धुराचीच चटक? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही!"

म्हणून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मामा बाहेर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली घेतला. निवडायला घेतलेली मेथी आत्यांनी निवडून संपवली, देठं गोळा केली आणि उठल्या. मी दुसऱ्या दिवशी यांच्याकडून उरलेल्या तुराट्या शेजारच्या गोठ्यात पाठवल्या आणि आपण मोठं शहाणपण केलं असं समजून शाळेला गेले.

खोकला वाढतच गेला.

मग येळवस आली. आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीहून मोठा सण. ऐन थंडीतल्या अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा होते आणि हिरव्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं दणकून जेवण होतं. ती भज्जी करायला पहाटेपासून राबावं लागतं. एरवी आत्या असायच्या, पण आदल्या रात्री त्या इतक्या खोकल्या होत्या की मी त्यांना सांगितलं, "आज उठायचं नाही. अंघोळही नको. पडून राहा, शेताला निघताना उठवते." कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं. त्यातच मला कळायला हवं होतं की त्रास किती आहे.

मी चारला उठून चुलीशी, म्हणजे गॅसशी, झुंजत राहिले. एकेक जण उठून न्हाऊन गेला. मामा, हे, मुलगा. मुलीनं सणाचे केस धुतले. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं. आठ वाजता टोपल्या बांधून मी एकदाची न्हाणीत शिरले. नळ सोडला, पहिला तांब्या कोमट आला. दुसरा अंगावर घेतला आणि मी किंचाळलेच. बर्फ! अंगाला काटा, दात वाजायला लागले. मी आतूनच ओरडले, "अहो! पाणी गार आहे! सोलर बिघडलाय!"

न्हाणीच्या भिंतीपलीकडंच आत्यांची खोली. तिथून त्यांचा आवाज आला. मध्ये दोनदा दम घेत, पण अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं.

"बिघडलं न्हाय गं. शेवटच्याला असंच येतंय. पटापटा घे अंगावर अन् मागं येऊन जरा शेक. चार तुराट्या ठेवल्यात म्या, बंबाच्या मागं."

तांब्या माझ्या हातातच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवाळीपासून ही बाई, हिला गारठा लागू देऊ नका म्हणून डॉक्टरनं बजावलेली बाई, रोज आमच्या मागून असल्या पाण्यानं न्हात होती. मी तेव्हा एसटीत बसून उबेत डुलक्या काढत असायचे. आणि न्हाऊन आल्यावर हुडहुडी जाईना म्हणून दोन काड्या पेटवून शेकत होती. तोच धूर मी हुंगला होता. तिच्या वाटणीचं कढत पाणी कुठं गेलं होतं? माझ्या दुसऱ्या बादलीत. माझ्या पायांवर.

कसंबसं लुगडं गुंडाळून ओल्या अंगानं मी त्यांच्याकडं गेले आणि त्यांचे पाय धरले. रडू आवरेना. "सांगितलं का नाही आत्या? मी एवढं बोलले, तेव्हा तरी सांगायचं!"

"आता त्यात काय सांगायचं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. "शेवटी न्हाणाऱ्याला उरलंसुरलंच असतंय. अन् तू काय खोटं बोललीस? धूर तर केलाच व्हता की म्या."

दारात मामा उभे होते. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "उद्यापासून ही आधी न्हाईल."

आत्या उठूनच बसल्या. "काहीतरीच! घरच्या मालकाच्या आधी?"

"मालक जन्मभर आधी न्हाला, काय सोनं झालं त्याचं?" मामा म्हणाले. "मी शेवटी. ठरलं."

त्या दिवशी शेतात कोपीत बसून मी सगळ्यांना नियम वाचून दाखवला. माणशी एक बादली. केस रविवारी. आभाळ असलं की अर्धी. संध्याकाळची अंघोळ बंद. मुलगी कुरकुरली, तर तिच्या बापानंच तिला गप्प केलं. आत्या आंबील पीत मान खाली घालून बसल्या होत्या, नवऱ्या मुलीसारख्या लाजून.

त्या हिवाळ्यात आम्हाला लातूरला जावं लागलं नाही. पुढच्याही नाही. मी वर गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा त्या नळ्यांना आणि त्या उन्हाला मनापासून हात जोडते, आणि त्याहून जास्त त्या येळवसच्या गार तांब्याला. तो माझ्या अंगावर पडला नसता तर मी आत्यांना शहाणपण शिकवत शिकवतच घालवून बसले असते.

पण सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. आभाळ मोकळं झालं होतं. आत्यांना जवळजवळ ढकलूनच न्हाणीत पाठवलं. मामा खांद्यावर पंचा टाकून ओट्यावर बसले, मी चहा ठेवला. पाण्याचा आवाज येत राहिला, मग थांबला, मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी दारावर थाप मारली, "आत्या? श्वास बरा आहे ना? आत्या!"

कडी निघाली. त्या बाहेर आल्या. तोंड लालबुंद, कपाळावरून पाणी ओघळतंय, खांद्यांवरून वाफ निघतेय. खोकला नाही. छाती भरून एक श्वास घेतला त्यांनी, आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. रागानं नाही, नवलानं.

"तुमी समदे," त्या म्हणाल्या, "रोज असल्या पाण्यानं न्हात व्हता व्हय?"