गौराक्कांचं ऐकणं

गौराक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये माइकवाल्याशी हुज्जत घालत होतो. संध्याकाळी पुण्याहून एक नामवंत कादंबरीकार वाचनासाठी येणार होते, खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि माइक काही केल्या घुमायचा थांबत नव्हता. फोनवर अक्कांची धाकटी बहीण कस्तुराबाई होत्या, दुधनीहून. "सर, अक्का गेली वो. पूजा केली, चहा प्याली, भिंतीला टेकून बसली, आन् तशीच... दुपारी माती हाय. येताय न्हवं?" मी म्हणालो, "निघतोच." आणि निघालो नाही. दुधनी काही परमुलखात नाही, दुपारची माती उरकून संध्याकाळपर्यंत परत येता आलं असतं. पण पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं होतं, त्यांची जेवणाची सोय बघायची होती, आणि ही कामं माझ्याशिवाय होणारच नाहीत असं मी स्वतःला पटवलं. संध्याकाळी माइकवरून मी बातमी दिली, सगळा हॉल उभा राहिला, दोन मिनिटं शांतता पाळली. मग कार्यक्रम रंगला. लोकांनी मला भेटून सांगितलं, छान झाला. मीही मान डोलावून हो म्हणालो.

ज्यांना गौराक्का माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नवी पेठेतल्या कापडाच्या आणि सराफांच्या गर्दीतून मागच्या गल्लीत वळलं की त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला शाळेची पुस्तकं, गाईडं, वह्या, कंपासपेट्या. त्यावर दुकान चालायचं. मागच्या बाजूला कथा, कादंबऱ्या, कविता. त्यासाठी अक्का दुकान चालवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दिरांनी दुकान विकायचा घाट घातला तेव्हा त्यांनी सांगितलं म्हणे, "विका की. पण आधी मला विका." पुढं काय बोलणी झाली मला माहीत नाही, पण दुकान राहिलं. कपाळाला विभूती, डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. रागावल्या की पूर्ण कानडी.

मी करकंबहून सोलापूरला कॉलेजात आलो तेव्हा उधारीवर गाईड मिळेल का विचारायला त्यांच्याकडे गेलो होतो, आणि मागच्या कपाटाशी उभा राहून एक कादंबरी वाचत सुटलो. बराच वेळ झाला तशी मागून आवाज आला, "व्हय रे, हुभ्यानं सगळी वाचणार हायस का? स्टूल घे की." त्या स्टुलावर माझं कॉलेज झालं असं म्हटलं तरी चालेल. पुढे त्यांनी रविवारी सकाळी दुकानात वाचन सुरू केलं. जवळपासचा कुणी लेखक, कुणी कवी बोलवायचा, पोथ्या-वह्यांचे गठ्ठे बाजूला सारून सतरंजी आणि थोड्या खुर्च्या टाकायच्या, आणि ऐकायचं. हार नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत, आभारप्रदर्शन नाही. एका रविवारी ठरलेले कवी आलेच नाहीत. अक्कांनी मला पुढं ढकललं. "ह्यो बी लिहितोय. वाच रे." मी वहीतली गोष्ट वाचली, एका मुलाच्या आजारी आईची. शेवटी आई मरते. ऐकणाऱ्यांपैकी एक-दोघांनी डोळे पुसले. माणसं पांगल्यावर अक्का म्हणाल्या, "चांगली हाय. पर तुला शेवट सुचंना म्हणून तू तिला मारलंस. त्या बाईला जगायचं हुतं. मधी एकदा ती पोराला म्हणती की, 'उद्या उठीन तवा शेंगाची चटणी कुटीन.' जिला चटणी कुटायची हाय ती अशी मरती व्हय?" मी लिहिलेलं वाक्य त्यांनी मला एका ऐकण्यात जसंच्या तसं परत दिलं होतं. असा कान मी नंतर कुठल्याही समीक्षकापाशी पाहिला नाही. आईला मी जगवलं, आणि ती माझी पहिली छापून आलेली गोष्ट.

अक्कांना ऐकू येत नव्हतं, हे मला त्या गेल्यावर कळलं.

हे वाक्य मी कितीदा लिहिलं आणि खोडलं. वीस-बावीस वर्षं ज्यांच्या दुकानात येत-जात होतो, ज्यांच्याबरोबर पुढे सगळे कार्यक्रम ठरवत होतो, त्यांचे कान शेवटची कितीतरी वर्षं जवळजवळ गेलेले होते, आणि मला पत्ता नव्हता. आता आठवायला बसलो की एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते. गिऱ्हाइकाला त्या म्हणायच्या, "हितं उजेडात या, आन् सांगा काय पायजे ते." मला वाटायचं, डोळे कमी झालेत. फोन उचलणं त्यांनी बंद केलं होतं. "फोनवर कसलं बोलायचं? दुकानात ये." मला वाटायचं, वयाबरोबर हट्ट वाढलाय. लेखकाची खुर्ची त्यांनी फिरवून घेतली होती, त्याची पाठ गल्ल्याकडे आणि तोंड माणसांकडे, आणि अक्का गल्ल्यामागे, म्हणजे लेखकाच्या पाठीमागे उभ्या. मी एकदा म्हणालो, "अक्का, हे बरं दिसत नाही. लेखकाच्या पाठीशी काय उभ्या राहता?" त्या म्हणाल्या, "लेखकाचं तोंड पुस्तकात असतंय. त्यात काय बघायचं? मला ऐकणारी माणसं बघू दे." मी ते वाक्य चार ठिकाणी सांगितलं, अक्कांचा किस्सा म्हणून. त्याचा अर्थ विचारला नाही.

एक रविवार तर विसरता येत नाही. सांगोल्याकडचे एक शिक्षक, घरची मेंढरं होती, कविता करायचे. पोराची पुस्तकं घ्यायला दुकानात आले आणि अक्कांनी त्यांच्याकडून कवितेची गोष्ट काढून घेतली. फार बुजरा माणूस. वाचायला बसले तर आवाज फुटेना. मग हळूहळू लागला. आईवरची कविता होती. मेंढरांच्या मागं गेलेली आई वाटेतच आजारी पडते, बिऱ्हाड पुढं न्यावंच लागतं, कारण चारा पुढं आहे... वाचता वाचता ते थांबले. दुकानात कुणी हालेना. आणि नेमकं तेव्हा अक्कांनी चहाचे स्टीलचे पेले ट्रेमध्ये धाडधाड मांडायला घेतले. चहाची वेळ झाली होती, त्या आमच्याकडे पाठ करून होत्या. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अक्का! जरा तरी भान ठेवा!"

त्यांना ऐकू गेलं नसणार. पण त्या शिक्षकांसकट सगळ्या माना गल्ल्याकडे वळल्या, काहीतरी जाणवून त्या फिरल्या, आणि त्यांना माझा चेहरा दिसला. हातात पेला तसाच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्या शिक्षकांकडे, त्यांच्या भरलेल्या डोळ्यांकडे. "चुकलं बाबा," एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून दुकानात कागदी कप आले. मी मनात म्हटलं, बरं झालं, समजलं.

हॉलची कल्पना त्यानंतरची आणि ती माझीच. तोवर मी प्राध्यापक झालो होतो, दोन पुस्तकं आली होती, चार मोठी माणसं ओळखीची झाली होती. त्यांना गल्लीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, गाईडांच्या गठ्ठ्यांशेजारी बसवायला मला संकोच वाटू लागला होता. अक्कांना म्हणालो, "हॉल घेऊ. माइक लावू. शेवटच्या माणसाला सुद्धा स्पष्ट ऐकू जाईल." त्यांनी विचारलं, "मग दुकानातलं बंद?" मी म्हणालो, "दोन्हीकडे कसं जमेल?" त्या म्हणाल्या, "तुला बरं वाटंल तसं कर, मास्तर." प्राध्यापक झाल्यापासून त्या मला थट्टेनं मास्तर म्हणायच्या. त्या दिवशी थट्टा नव्हती.

पहिल्या कार्यक्रमाला मी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. ठेवणीतली इरकल साडी नेसून आल्या होत्या. वाचन सुरू झालं आणि काही वेळानं त्या मागं वळून बघू लागल्या. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. शेजारची बाई त्यांना काहीतरी विचारू लागली. स्टेजवरचे पाहुणे दोनदा अडखळले. मी स्टेजवर बाजूच्या खुर्चीत होतो. मी अक्कांची नजर धरली आणि बोटानं खूण केली... पुढं बघा. शाळेत खोड्या करणाऱ्या पोराला करावी तशी. त्यांनी मान हलवली, हात मांडीवर ठेवले, आणि शेवटपर्यंत पुढं बघत बसल्या. समोर एक माणूस पुस्तकात तोंड घालून ओठ हलवत होता. तो तासभर त्यांनी कसा काढला असेल, याचा विचार मी आता करतो.

त्यानंतर त्या हॉलमध्ये आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. मी आग्रह केला नाही, कारण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. कार्यक्रम वाढत गेले, पेपरात फोटो येऊ लागले. बोलताना मी दरवेळी म्हणायचो, ही परंपरा गौराक्कांच्या दुकानातून सुरू झाली. दुकान त्यांनी पुतण्याच्या हाती दिलं आणि दुधनीला बहिणीकडे राहायला गेल्या, तेही मला उशिरा समजलं. भेटायला जायचं कायम पुढच्या महिन्यावर जात राहिलं.

गेलो ते माती होऊन बरेच दिवस झाल्यावर. कस्तुराबाईंनी पाणी दिलं, तक्रार केली नाही. मीच म्हणालो, त्या दिवशी यायला हवं होतं. म्हटलं, हॉलमध्ये त्यांना करमलं नाही, मला कळायला हवं होतं. तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "तिला ऐकू कुटं येत हुतं वो? लई वर्सं झाली की. मशिन आणलं हुतं कानाचं. म्हणाली, ह्यात कविता बी तेवढीच मोठी आन् रिक्षा बी तेवढीच मोठी, नगं मला. टाकून दिलं." मी विचारलं, "मग दर रविवारी... कशासाठी?" "आमी बी इच्यारायचो. तर म्हणायची, माणसं ऐकताना लई चांगली दिसत्यात, कस्तुरा. घरात न्हाय दिसत तशी." आणि माझा रिकामा पेला उचलत, "तुमाला सांगू नगं म्हणली हुती. म्हणली, त्याला कळलं तर त्यो माज्यासाटी मोठ्यांदा वाचंल, आन् त्याची गोष्ट बिघडंल."

आतल्या खोलीतून कुणीतरी कानडीत विचारलं. कस्तुराबाई म्हणाल्या, "आई हाय. इच्यारतीया कोण आलंय." अक्कांची आई हयात आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आम्ही आत गेलो. खाटेवर एक अगदी वाळलेली म्हातारी, पण कान शाबूत. मी कोण ते कस्तुराबाईंनी सांगितलं, दुकानात वाचायचे ते मास्तर. म्हातारीनं माझा हात धरला आणि बराच वेळ कानडीत बोलली. कस्तुराबाई म्हणाल्या, "म्हणतीया, माजी गौरा तुमच्याकडनं दर रविवारी काय ऐकत हुती, ते मला बी ऐकवा."

मी कस्तुराबाईंकडे पाहिलं. त्यांनी म्हातारीला दिसणार नाही अशी मान हलवली. सांगू नका. तोंडाकडे बघून बोलणाऱ्या लेकीला ऐकू येत नव्हतं, हे म्हातारीला कुणी कळू दिलेलं नव्हतं तर.

माझ्या पिशवीत गाडीत वाचायला घेतलेला एक कथासंग्रह होता. मी तो काढला आणि एक साधीशी गोष्ट निवडली, चुकून दुसऱ्याच्या दावणीला जाऊन उभी राहिलेल्या म्हशीची. पहिलं वाक्य वाचलं. कस्तुराबाईंनी ते कानडीत सांगितलं. मी दुसरं वाचायला तोंड उघडलं, पण म्हातारीनं हात वर केला. तिला पहिल्याबद्दल काहीतरी विचारायचं होतं. म्हैस कुठल्या रंगाची? गोष्टीत रंग नव्हता. मी म्हणालो, काळीच असणार. तिनं मान डोलावली. मग दुसरं वाक्य. मग कानडी. मग पुन्हा एक प्रश्न... जी गोष्ट हॉलमध्ये मी घड्याळाकडे बघत संपवली असती, तिला सगळी दुपार लागली. मला कस्तुराबाईंच्या आईला सांगायचं होतं की तुमच्या गौराला शेवटची कितीतरी वर्षं माझ्याकडून काहीच ऐकू आलं नाही, आणि मी ते पाहिलंही नाही. गौरानं काय ऐकलं असं विचारू नका, मी काय पाहिलं नाही ते विचारा. पण ते सांगायची मला परवानगी नव्हती. मी पुस्तक मिटायला लागलो.

म्हातारीनं माझ्या मनगटावरचा हात काढला नव्हता. ती थोडी पुढं सरकली, चेहरा माझ्याकडे केला.

"मुंद?" तिनं विचारलं. एवढं कानडी मला कळतं. पुढं?

मी पुन्हा पान उघडलं.