आंबेडाळीतला हात

देवासच्या त्या गल्लीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू कुणाकडेही असो, आंबेडाळ विद्युल्लताच्याच हातची लागे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ ती पाट्यावर वाटायची, कैरी किसून घालायची आणि मग चमचा बाजूला ठेवून, बाही वर सारून हातानं कालवायची. "चमच्यानं कालवलेली डाळ ऑफिसातल्या फायलीसारखी लागते," असं ती म्हणे. धाकटी जाऊ अपेक्षा हिनं दिवाळीला आणलेलं डाळ वाटायचं यंत्र म्हणूनच अजून खोक्यात होतं.

खरं कारण डाळ नव्हती, अपेक्षा होती. ती रोज बसनं इंदूरला एका प्रयोगशाळेत जाई. रोग्यांच्या रक्तातून जंतू वेगळे काढायचे, त्यांचा जनुकक्रम अक्षर न अक्षर वाचायचा आणि दोन रोग्यांचे जंतू एकाच घराण्यातले आहेत का ते ठरवायचं, हे तिचं काम. विद्युल्लताही बी.एस्सी. होती, पहिल्या वर्गात आलेली. पण सासूबाईंना, उमाबाईंना, ते कधी आठवत नसे. देवळात कुणी विचारलं तर त्या सांगत, "धाकटी शास्त्रज्ञ आहे." आणि थोरली? "थोरली घरीच असते." त्या 'घरीच'नं विद्युल्लताचा दिवस नासायचा. घरात तिचं म्हणून जे होतं, ते स्वयंपाकघर. तिथे मात्र शास्त्रज्ञबाईंना कुणी विचारत नव्हतं.

आणि श्रिया! पोटची पोर, पण अपेक्षा बसमधून उतरली की वही टाकून काकूच्या मागे मागे.

यंदाचं हळदीकुंकू घरचंच होतं. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी श्रियाला ताप आला. संध्याकाळी चढे, सकाळी जरा उतरे. मग समोरची अल्पना आजारी पडली, मग कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई. टायफॉइड. विद्युल्लता रात्रंदिवस लेकीच्या उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती. लेक बरी होऊ दे, एवढंच ती टेकडीवरच्या देवीला विनवत होती. पहिलं औषध लागू पडेना. मग अपेक्षाच्या प्रयोगशाळेनं कुठलं औषध चालेल ते तपासून सांगितलं, डॉक्टरांनी ते दिलं आणि ताप उतरला. श्रियानं डोळे उघडले ते "काकू कुठेय?" म्हणतच.

विद्युल्लतानं हातातली ओली पट्टी पिळली. गरजेपेक्षा जरा जास्तच पिळली.

त्या रविवारी अपेक्षानं घरातल्या सगळ्यांना बसवून घेतलं.

"तिघींच्या रक्तातला जंतू जवळजवळ तंतोतंत सारखा आहे," ती म्हणाली. "शहरात बाकी ठिकाणी सापडतोय त्याच्यापेक्षा वेगळा."

"म्हणजे नळाचं पाणी," विद्युल्लतानं निकाल दिला.

"पाण्यात असता तर सगळ्या मोहल्ल्यात हाच दिसला असता, ताई. आणि मागच्या वर्षी आपल्या विहंगला टायफॉइड झाला होता ना? त्याच्या रक्तातला जंतू आम्ही जपून ठेवलाय. तोही ह्याच घराण्यातला निघाला." स्वतःच्या मुलाचं नाव घेताना तिचा आवाज जरा हलला. "कुणीतरी तो जंतू अंगात बाळगून आहे. स्वतः ठणठणीत, पण दुसऱ्याला देतंय. बहुतेक आपल्याच घरात."

"मग तुझ्याशिवाय कोण असणार?" विद्युल्लता उसळली. "रोज जंतूंच्या गोतावळ्यात बसून येतेस. ओढणीला चिकटून येत असतील."

"अगं, काहीतरीच काय!" उमाबाई म्हणाल्या.

"काहीतरीच कसं? तपासा ना! सगळ्यांना तपासा. पण पहिली ती!"

"चालेल ताई. पहिली मी." अपेक्षाच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी उमटलं. विद्युल्लताला वाटलं, ती भीतीच आहे.

शौचाच्या तपासणीच्या प्लास्टिकच्या डब्या आल्या तेव्हा उमाबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्या वयात एवढंच बघायचं राहिलं होतं! आता देवघरात शिरू की नको?"

निकालाची वाट बघताना विद्युल्लता इतकी खुशीत होती की पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली. शास्त्रज्ञ धाकटीनंच घरात रोग आणला, हे उमाबाई देवळात कुठल्या तोंडानं सांगतील, ते चित्र ती पुन्हा पुन्हा रंगवून बघत होती. मध्येच अपेक्षानं तिची एकटीची डबी पुन्हा मागितली. "पहिली नीट भरली नसेल," असं म्हणून विद्युल्लतानं ती दिली.

मग एका संध्याकाळी अपेक्षा बसमधून उतरून थेट स्वयंपाकघरात आली.

"ताई, गॅस जरा बंद करा."

"फोडणी जळेल."

"जळू दे." अपेक्षानं स्वतःच गॅस बंद केला. "माझ्यात काही नाही. आईंच्यात नाही, बाकी कुणाच्यात नाही. तुमच्यात सापडला. तोच."

"निकाल नीट वाचलास?"

"दोनदा. म्हणून तर दुसरी डबी मागितली. तुम्हाला कधी टायफॉइड झाला होता?"

झाला होता. बदनावरला, माहेरी, लग्नाच्या आदल्या वर्षी. महिनाभर ती अंथरुणात होती. केस गळाले होते, म्हणून लग्नात गंगावन लावावं लागलं होतं.

"कधी कधी तो पित्ताशयात दडून बसतो," अपेक्षा हळू आवाजात म्हणाली. "आपल्याला कळतही नाही. शिजलेल्या अन्नात तो मरतो. पण आंबेडाळ कच्चीच असते, आणि हातानं... ह्यात तुमचा दोष नाही, ताई."

विद्युल्लतानं हाताकडे बघितलं. नखं कापलेली, स्वच्छ, हळदीनं पिवळी. "श्रियाला मी दिला?"

अपेक्षानं फोडणीची कढई खाली उतरवली.

गोळ्या सुरू झाल्या. पोटाची सोनोग्राफी झाली. तपासणी पुन्हा स्वच्छ येईपर्यंत विद्युल्लतानं स्वयंपाकाला हात लावायचा नाही, असं ठरलं. ती दारात पाट घालून बसू लागली आणि अपेक्षाची पाणीदार आमटी बघू लागली. श्रिया ती आमटी पुन्हा पुन्हा मागून घ्यायची. त्या वेळी विद्युल्लताला जे होई, त्यावर डॉक्टरांकडे गोळी नव्हती.

एका रविवारी अल्पना आली. चेहरा अजून ओढलेलाच होता. अपेक्षा तिला चहा देऊन आत गेली.

"क्यों भाभी, पता चला कुछ? कुणापासून आला?" अल्पनानं विचारलं. "अपेक्षा तर बोलतच नाही. किती विचारलं! म्हणते, नाव सांगायचं नसतं."

"मोठ्या मनाची आहे हो पोर," उमाबाई कौतुकानं म्हणाल्या. "दुसरी असती तर गावभर केलं असतं."

विद्युल्लताच्या डोक्यात सणक गेली. म्हणजे आता गप्प बसण्याचंही श्रेय हिलाच? जंतू आपला, हात आपला, आणि मोठं मन मात्र हिचं!

"माझ्यापासून," ती म्हणाली. "डाळीतून गेला. ह्या हातानं कालवली होती मी."

उमाबाईंना ठसका लागला. अल्पनाचा कप ओठांपाशीच थांबला. तिनं विद्युल्लताकडे बघितलं, मग कपात बघितलं.

"हाय राम! मैंने तो दो बार ली थी." तिनं कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "और ये चाय?"

"चहा अपेक्षाचा आहे. काही होणार नाही तुला."

अल्पनानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तभी तो! इतका पांचट."

विद्युल्लतानं पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं होतं.