बाह्या वर केलेली बारा माणसं

टेम्पो थेट हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी थांबला. त्यातून बारा माणसं उतरली, बहुतेकांच्या बाह्या आधीच वर केलेल्या. पुढे खापा गावचे बाबारावकाका, माझी पेशंट शीतल हिचे सख्खे काका.

"डॉक्टरसाहेब, रक्त द्याले मानसं आनली. कोनाचंबी घ्या. कमी पडले तर अजून बलावतो."

आणि मला सांगायचं होतं, रक्त नको.

शीतल इथं शहरातल्या नंदनवन वस्तीत मावशीकडे राहून शिकणारी. व्हायरल ताप आला, गेला, पोरगी कॉलेजलाही जायला लागली. पंधरवड्याने पायांवर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, दीड लाखाच्या वर हव्यात. तिच्या दहा हजार. तापाशी लढायला उभी राहिलेली शरीराची फौज कधीकधी ताप गेल्यावर आपल्याच प्लेटलेट मारत सुटते. बाहेरून दिलेल्याही मग टिकत नाहीत. स्टेरॉइडने फौज शांत करायची आणि तोवर मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं. तिनं "डोकं दुखतंय" म्हटलं, की मी टॉर्च घेऊन तिच्या खाटेकडे धावायचो.

आता, समजावून सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे.

"काका, समजा वावरात राखणदार ठेवला आणि तोच पीक खाऊन राहिला. नवीन पेरून काय फायदा?"

काकांनी विचार केला. "मंग जास्त पेरा न. तो खाऊन खाऊन किती खाईन?"

मी उदाहरण बदललं. "टाकीला भोक असलं तर..."

"तरी टँकर तर बलावाच लागते, साहेब."

मी प्रिस्क्रिप्शनच्या मागे फौजेचं चित्र काढलं. एकाने विचारलं, "हे पपईचं पान होय काय?"

बाकीचे हसले. काका मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "खरं सांगा. पोट्टी हातची गेली काय? म्हनून रक्त नाही घेऊन राहिले?"

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतका वेळ मी पेशी समजावत होतो आणि या माणसाला फक्त एवढंच ऐकू येत होतं, की आता उपाय उरला नाही.

"नाही काका. औषध सुरू आहे, ती बरी होईल असं मले वाटते. पण अचानक जास्त रक्त गेलं, तर प्लेटलेट द्याव्याच लागतील. तेव्हा तुमची माणसं लागतील. थांबता?"

"काहून नाही थांबनार?"

पाळ्या लावून ती माणसं व्हरांड्यात बसून राहिली. आठवड्याभरात शीतलच्या प्लेटलेट लाखावर गेल्या. कोणाच्याही रक्ताचा थेंब लागला नाही.

डिस्चार्जच्या वेळी काका पाहुण्यांना सांगत होते, "बारा मानसं दारात पाहून बिमारीच भ्याली." स्टेरॉइडचं नाव कुठेच नव्हतं. माझंही नव्हतं.

तेव्हापासून पेशंट कसा आहे, हे मी नातेवाइकांना आधी सांगतो. चित्र मागाहून, कोणी मागितलं तर. अजून कोणी मागितलेलं नाही.